धोट्याच्या आकाराची फळी

दादा घराबाहेर पडत नव्हता. यंत्रमागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडी धोटा सुटून त्याच्या डाव्या डोळ्यात बसला, डोळा गेला, जखम भरली, आणि दादा जो कोपऱ्यात बसला तो बसलाच. भवानी पेठेतलं आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात एक तरणाताठा माणूस दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसला की घरातल्या सगळ्यांना श्वाससुद्धा दबकत घ्यावा लागतो. ठरलेलं लग्न मोडलं, त्याचं त्याला फारसं वाटलं नसावं. पण गल्लीतल्या बायका त्याच्या चेहऱ्याकडं बघून चुकचुकायच्या, ते त्याला सोसत नव्हतं. आई म्हणायची, असाच राहिला तर हा जगायचा न्हाय. हे ती भाकरी थापता थापता, अगदी साध्या आवाजात म्हणायची, म्हणून मला जास्तच भीती वाटायची.

मी त्याच्याहून धाकटी, पण तोंडानं तिखट. एकदा मी बोललेच, "बायांनी बघितलं तर उरलेला डोळाबी जाणार हाय का तुझा?" त्यानं तांब्या फेकून मारला. मला लागला नाही. मला तर बरंच वाटलं, निदान हात तरी हलला.

त्या वर्षी उजनीच्या धरणात पाणी साठायला लागलं होतं. जेऊरकडचे आमचे मामा आले आणि सांगू लागले, खालची सगळी रानं पाण्याखाली गेली, नजर पोचत नाही इतकं पाणी हाय, वारं सुटलं की लाटा उठतात. आई डोळ्याला पदर लावून ऐकत होती, तिचं माहेरच बुडत होतं की. आणि कोपऱ्यातून दादा एकाएकी म्हणाला, "मामा, तितं मोटारबोट चालती का?"

किती दिवसांनी त्याचा आवाज ऐकला होता. मामा म्हणाले, "बोट कुटली रं? कोळ्यांच्या होड्या हायत. आपला ट्रॅक्टर तेवढा काठानं फिरतो."

मग दादानं सांगितलं. पूर्वी एकदा सिनेमाला गेला असताना, मूळ सिनेमा लागायच्या आधी त्यानं पडद्यावर परदेशातली माणसं बघितली होती. पुढं मोटारबोट, मागं दोरी, आणि दोरी धरून माणूस एका फळीवर उभा, पाण्यावरनं सरसर चाललेला. "तसली फळी करायची," तो म्हणाला. आण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "डोळा गेला तो गेला, आता डोकंबी गेलं का?" मी मात्र मामांच्या मागं लागले. लाकूड पाठवा म्हटलं, काय वाट्टेल ते करा पण पाठवा.

मामांनी बांधावरचे पांगारे पाण्यात जायच्या आधी तोडले होते. पांगारा म्हणजे वजनाला अगदी हलकं लाकूड, गावाकडं पोरं पोहायला शिकतात ती त्याचाच ओंडका पाठीला बांधून. त्याच्या फळ्या पॅसेंजरनं आल्या आणि आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. दादानं खडूनं जमिनीवर आकार काढला. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर. आईनं बघितलं आणि हातातलं पीठ तसंच टाकून बाहेर आली.

"धोटा काढलास? त्याच मेल्यानं डोळा खाल्ला तुजा!"

"सरळ जातो की तो," दादा म्हणाला. बस, एवढंच. आई त्या दिवशी जेवली नाही.

एका डोळ्यानं करवत चालवणं सोपं नाही. त्याला अंतर कळायचं नाही, करवत रेघ सोडून भलतीकडंच जायची. मग मी समोर बसायचे. "डावीकडं, दादा. आणखी थोडं. अरे, डावीकडं म्हटलं, माझ्या बोटांकडं नव्हं!" आमची भांडणं अशी व्हायची की शेजारीण भिंतीवर थाप मारायची. पण फळ्या बांबूच्या खुंट्यांनी एकमेकींना जोडल्या गेल्या, रंधा फिरला, आणि खाली मागच्या बाजूला दादानं एक उभी पट्टी ठोकली, फळी आडवी घसरू नये म्हणून. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बारा-बारा तास धोट्याकडं बघत उभा राहिलेला माणूस, त्याला सरळ जाणं म्हणजे काय ते कळत असणारच.

पांगारा हलका तसा ठिसूळ. वरून कापडाचे थर द्यायचे असं ठरलं, म्हणजे फुटणार नाही. आणि इथं आण्णा आपण होऊन पुढं आले. आण्णा गिरणीत सूत ताठ करायच्या खात्यात होते. मागावर चढवायच्या आधी सुताला पिठाची खळ देतात, ती खळ शिजवण्यात त्यांचा हात धरणारं पेठेत कुणी नव्हतं. इतके दिवस त्या फळीकडं त्यांनी ढुंकून बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली, पातेलंभर खळ शिजवली आणि मांजरपाटाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवत गेले. तळव्यानं एकेक सुरकुती काढत होते. दादा शेजारी बसून पट्ट्या देत होता. अपघातानंतर बापलेक इतके जवळ बसलेले मी पहिल्यांदा बघत होते, त्यामुळं मला दुसरं काही सुचलंच नाही. वाळल्यावर फळी अशी कडक झाली की बोटानं वाजवली तर टणटण वाजावी.

फळी दुसऱ्याच्या हाती द्यायला दादा तयार नव्हता, म्हणून तो घराबाहेर पडला, आण्णा आणि मी बरोबर. डोक्याला टॉवेल, त्याचं टोक डाव्या गालावर ओढून घेतलेलं. गाडीत एकानं विचारलं, हे काय म्हणून. "नवरदेवाचा पाट," मी म्हटलं. नवरदेव लई लांबडा असणार, असं तो म्हणाला, आणि टॉवेलाच्या आत दादा हसला. मी बघितलं.

मामांच्या गावचा रस्ता अर्धा पाण्यात गेलेला, उरलेला पाण्याच्या कडेकडेनं जायचा. कमरेइतक्या पाण्यात दादानं फळी ठेवली. आम्ही सगळे कौतुकानं बघतोय. थोडा वेळ झाला आणि कापडाला फुगे आले. मग एक थर सुटला, मग दुसरा. मग फळीभोवती पांढरं, बुळबुळीत पाणी पसरलं आणि मांजरपाट कात टाकल्यासारखं तरंगायला लागलं.

खळ पाण्यात सुटते! अहो, नवीन कापडाची खळ पहिल्या धुण्यात जाते हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. सगळी हयात खळीत गेलेला बाप, मागावर उभा राहिलेला मुलगा आणि रोज कपडे बडवणारी मी, तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या घरात पोट भरायचं ते खळीवर, चिकटवायचं ते खळीनं, दुसरा विचारच कधी शिवला नाही. काठावरची माणसं पोट धरून हसली. दादानं टॉवेल गुंडाळला, मामांच्या घरात गेला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

आता हा परत उठायचा नाही असंच वाटलं. मी त्याला वाट्टेल ते बोलले, नंतर रडले, पण तो हलला नाही.

उठले ते आण्णा. कोळ्यांच्या वस्तीवर जाऊन होड्यांच्या बुडाला लावतात ते डांबर मागून आणलं. अंगणात ते कढवलं आणि उघड्या हातानं पट्ट्या बसवायला लागले. डांबर खळ नव्हे. पहिल्याच पट्टीला हात पोळला. तरी दुसरी घेतली, तिसरी घेतली. मी ओरडले, "आण्णा, सोडा!" ते म्हणाले, "माज्या खळीनं घात केला पोराचा." आत दादानं ते ऐकलं असणार. तो बाहेर आला, टॉवेल काढून आण्णांच्या हाताभोवती गुंडाळला, आणि उरलेल्या पट्ट्या गवंड्याच्या करणीनं त्यानं स्वतः बसवल्या. अंगणात गावातली माणसं उभी होती, त्यांच्यादेखत.

डांबर वाळल्यावर मामांनी ट्रॅक्टर काढला. मागं नाडा बांधला, विहिरीवर मोटेला असायचा तसला जाड, त्याचं दुसरं टोक पाण्यात दादाच्या हातात. मी चाकावरच्या पत्र्यावर मागं तोंड करून बसले, कारण बुडालेल्या बाभळींचे शेंडे पाण्यातून वर आलेले होते आणि डावीकडचं दादाला दिसणार नव्हतं. तो पडला. पुन्हा पडला. किती वेळा ते मोजायला कुणाला भान होतं! मग एकदा गुडघ्यावर आला, एक पाय टाकला, आणि उभा राहिला. "बाभूळ! डावीकडं बाभूळ!" मी घसा फोडून ओरडत होते, तो अंग कलवत होता, फळी वळत होती. खाली आईच्या माहेरची रानं होती आणि वरून माझा भाऊ उघड्या चेहऱ्यानं चालला होता. मला इतका आनंद पुन्हा क्वचितच झाला असेल.

परत निघायच्या दिवशी तो आमच्याबरोबर स्टेशनापर्यंत चालत आला. भर दुपारी, भरल्या फलाटावर. गाडी दिसली तेव्हा म्हणाला, "मी न्हाय येत. हितल्या वाटा बुडाल्यात, लोकांना पल्याड न्यायला होड्या लागणार हायत. मला करता येतील." मी म्हटलं, "घरी चल की रे." तो म्हणाला, "घरी गेलो तर परत बसंन मी." आण्णांनी पट्टी बांधलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला. मग आम्ही दोघं चढलो आणि गाडी सुटली. त्यानं पुढं तिथंच होड्या बांधल्या, तिथंच संसार केला. भवानी पेठेत आला तो पाहुणा म्हणूनच.

घरी पोचलो तर आईनं आम्हा तिघांची ताटं वाढून ठेवलेली. तिनं दारात आमच्या मागं बघितलं, मग आण्णांकडं बघितलं. आण्णांनी तिसऱ्या ताटातली भाकरी उचलून टोपल्यात परत ठेवली.

"तो बाहेर हाय," ते म्हणाले.

आई हमसून हमसून रडली. मीही रडले. त्याला बाहेर काढायलाच तर मी एवढा जिवाचा आटापिटा केला होता.