परबकाकांचं मशीन आणि मंडळाच्या झांजा

मी कुणाच्या घरात कान लावत नाही. जिन्यात पिशवी टेकवून दम घेते, तेवढ्यात आमच्या जेसल पार्कच्या बिल्डिंगमधले किस्से आपोआप जमतात. त्या दिवशी वरच्या मजल्यावर कुणीतरी म्हणालं, "परबकाका भजन सोडतायत. आणि काकू तर त्यांच्याशी बोलतच..." तेवढ्यात दार बंद! आता मला जेवण जाणार कसं?

चहापत्ती मागायला म्हणून गेले. काका समोरच, कानाचं नवं मशीन हातात. म्हणाले, कुकरची शिट्टी झाली की कानात टाचणी टोचते. भजनात झांजा वाजल्या की तेच. मग मशीन काढायचं, आणि काकूंनी ओरडायचं. काकू कित्येक वर्षं ओरडूनच बोलतात. त्यांच्याकडे आज भाजी कुठली, ते आख्ख्या मजल्याला कळतं.

"तीस वर्षं मंडळात गातोय. आता नुसता जाऊन बसू?" काका म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

*

भाईंदर पश्चिमेच्या मशीनवाल्या मॅडमनी कॉम्प्युटरवर मोठ्या आवाजाला हद्द घातली. कितीही आदळआपट होवो, त्यापुढे आवाज कानात जाणार नाही. काकांनी कुकरच्या तीन शिट्ट्या पेपर वाचत ऐकल्या.

गुरुवारी भजनात मात्र घोटाळा. झांजा टोचेनात, पण त्यांच्याबरोबर शब्दही दबले. सगळं गोधडीखालून आल्यासारखं. मंडळी आरतीला उभी राहिली, आणि काका डोळे मिटून अभंगाचं पुढचं कडवं गातायत. कुणी हसलं नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

*

पुढच्या खेपेला मीही गेले, सोबत म्हणून. खोली शांत, मॅडमचा आवाज मऊ. तिथे काका सगळ्याला "छान ऐकू येतंय" म्हणायचे! शेवटी काकूंनी पिशवीतून मंडळाच्या झांजा काढल्या. मॅडम बघतच राहिल्या.

मग काकू वाजवणार, मी अभंग म्हणणार, मॅडम हद्द जराजरा वर सरकवणार.

"टोचलं?"

"नाही."

"शब्द?"

"अर्धे."

असं करत करत एका जागी काका स्वतःच गायला लागले. बाहेर नंबर लावून बसलेले एक आजोबा टाळ्यांनी ताल धरत आत आले.

*

भजन काही सुटलं नाही. काका आता झांजांपासून जरा लांब, पेटीजवळ बसतात, एवढंच.

त्या दिवशी मॅडमकडून आम्ही घरी आलो. काकूंनी सवयीने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, चहा टाकू का.

काका म्हणाले, "हळू बोल गं. ऐकू येतंय."

काकूंनी पातेलं हातात धरून दोनदा तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांत हळू बोलायचं कसं, तेच विसरल्या होत्या. आणि जिन्यात ऐकलं होतं तसं, त्या संध्याकाळी त्या खरंच काकांशी एक शब्द बोलल्या नाहीत.