संयोगिताचे अंगठे

शिरोली एमआयडीसीत संयोगिताच्या हाताचा लौकिक होता. वीस वर्षं संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर, पण तिच्या हातचा जॉब, म्हणजे कापून घडवलेला सुटा भाग, परत आलेला कुणाला आठवत नव्हता. एवढी सफाई कुठून आली असं विचारलं, की ती सांगे, "टीव्ही गेम. रणगाड्यांच्या खेळात आमच्या गल्लीत मला तोड नव्हती."

उचगावातल्या त्या गल्लीत तेव्हा दोन तट होते. तिचा भाऊ धैर्यशील याच्याकडं कॅसेट घालून टीव्हीवर गेम खेळायचा काळा डबा, तर समोरच्या श्रीशैलकडं सेगा कंपनीचा. कुणाचं भारी यावरून दोघं महिना महिना बोलत नसत.

परवाच्या रविवारी धैर्यशीलनं माळ्यावरून तो डबा काढला. श्रीशैलही आला. कॅसेटमध्ये फुंकर मारून जुन्या टीव्हीला जोडला, तर चक्क सुरू झाला.

"हे एवढंसं चित्र?" श्रीशैल म्हणाला. "ह्याच्यापायी माझ्यासंगं भांडत होतास व्हय?"

"सेगाच भारी होतं," धैर्यशील म्हणाला. "पण भाईर बोललास तर बघ."

संयोगितानं आपला कंट्रोलर मागितला. धैर्यशील कान खाजवू लागला.

"संयू, तुझी वायर आम्ही कधी जोडलीच न्हाय. तू मधीमधी करायचीस, म्हणून पिन टीव्हीमागं खोचायचो. स्टार्ट दाबलं न्हाय, की गेम आपला आपणच खेळून दाखवतोय. त्येच बघत बटणं दाबायचीस तू."

"काहीही सांगतोस."

"ह्याला विचार की."

श्रीशैलनं फरशीकडं बघत मान डोलावली.

तिनं कंट्रोलर तसाच, न जोडता हातात घेतला. थोड्या वेळानं पडद्यावरचा रणगाडा आपोआप निघाला. डावीकडं, वर, गोळी. तिचे अंगठेही हलले. डावीकडं, वर, गोळी. मग तिनं डोळे मिटले. आता अंगठे क्षणभर आधी जात होते आणि रणगाडा त्यांच्या मागून.

"एकबी चुकंना," श्रीशैल हळूच म्हणाला.

"आता जोड," ती म्हणाली.

धैर्यशीलनं पिन बसवली, स्टार्ट दाबलं. शत्रू उजवीकडून आला. तिला तो लख्ख दिसत होता. अंगठे मात्र डावीकडं गेले, वर गेले, गोळी सुटली ती भिंतीवर. रणगाडा फुटला. दुसराही तसाच गेला.

"उजवीकडं घे की गं."

"घेतेय मी, दादा."

तिसरा फुटला. खेळ संपला, पडदा काळा झाला, तरी अंगठे चालूच. ती परक्याच्या हातांकडं बघावं तशी त्यांच्याकडं बघत होती. उद्या सकाळी सातला हेच हात मशीनवर असणार होते. आजवर तिथं बटणं दाबली ती कुणी?

धैर्यशीलनं घाबरून पिन उपटली. जरा वेळानं रणगाडा पुन्हा आपला आपण निघाला. तिचे अंगठे एकदा अडखळले आणि त्याच्याबरोबर चालू लागले. डावीकडं, वर, गोळी. तिचा श्वास संथ झाला.

"राहू दे असंच," ती म्हणाली. "जोडू नकोस आता."