भित्र्या बेडकाची साक्ष

कारखान्यात तिला सगळे टाटामावशी म्हणायचे, कारण तिचं कामच टाटा करायचं होतं. खेळण्यांचा कारखाना होता तो. समोर काही हललं की पंख उजळणारी बदकं, मान वळवणारी कुत्री, डोळे लुकलुकवणारे बेडूक तिथं तयार व्हायचे. सगळ्यात शेवटच्या टेबलाशी मावशी बसायची. खेळणं समोर आलं की त्याच्यापुढून उजवा हात फिरवायचा. उजळलं तर एका पेटीत, नाही उजळलं तर दुसऱ्या. सकाळपासून सुट्टीपर्यंत येईल त्याला टाटा.

"सगळ्यांना निरोपच देतेस बाई," शेजारची सोल्डरिंगवाली चिडवायची. "कधीतरी कोणाला बस म्हण की."

नापास खेळण्यांना मावशीनं दोन नावं पाडली होती. हात नाकापर्यंत नेला तरी ढिम्म राहतात ती झोपाळू. आणि जरा काही झालं, लांबून कोणी शिंकलं तरी दचकून पेटतात ती भित्री. दोन्ही एकाच पेटीत जायची, मोडून सुटे भाग काढायला. सुपरवायझर कधी म्हणाला, "जाऊ द्या मावशी, चालतंय की," तर तिचं डोकं फिरायचं. "चालतंय म्हणजे काय, साहेब? एखादं पोर हौसेनं घरी नेणार, हात हलवून हलवून दमणार, आणि हे बसलंय मख्खासारखं. त्या पोरानं काय समजायचं?"

तर अशी मावशी एका सकाळी टेबलाशी बसली होती. समोर बदक आलं. मावशीनं टाटा केला, बदक उजळलं नाही. तिनं डाव्या हातानं ते नापास पेटीत टाकलं. दुसरं आलं, तेही नाही. तिसरंही तसंच.

"आज सगळी झोपाळूच पाठवलीत का काय?" ती म्हणाली. म्हणजे म्हणायला गेली. शब्द तोंडातच अडखळले.

सोल्डरिंगवालीनं वळून बघितलं आणि तिच्या हातातली सळई तशीच राहिली. मावशी टाटा करतच नव्हती. तिचा उजवा हात टेबलावर उताणा पडला होता आणि तिला वाटत होतं की तो हलतोय. सोल्डरिंगवाली खमकी बाई. तिनं आरडाओरडा केला, गाडी मागवली, मावशीला आधार देऊन दवाखान्यात नेलं.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले. बोलणं लवकरच सुधारलं. पायही परत आला, थोडा ओढत का होईना. उजवा हात मात्र आला नाही. अंथरुणात शेजारी कोणी उशी ठेवावी तसा तो पडून असायचा.

मावशीचं घर म्हणजे नवऱ्याच्या शिवणकामाच्या दुकानामागच्या दोन खोल्या. नवरा मशिनवर बसलेला, आणि घरात थोरल्या जाऊबाई. दीर गेल्यापासून त्या यांच्याकडेच राहायच्या. जाऊबाईंच्या पायाला भिंगरी. मावशी आजारी पडल्यावर तर त्यांना उधाणच आलं. भरवायचं, वेणी घालायची, तोंड पुसायचं. मावशीनं डाव्या हातानं पेला उचलायला घेतला की त्या आधी पोचलेल्या.

"अहो जाऊबाई, मला एक हात आहे अजून."

"त्याला आराम दे. मी कशाला आहे?"

व्यायाम शिकवायला उपचार केंद्रातून एक मुलगी यायची. अंगानं काडीसारखी, पण आवाज खणखणीत. तिनं सांगितलं, टेबलावर हात ठेवायचा आणि बोटं, मनगट हलवायचा प्रयत्न करत राहायचं. हलो न हलो. "आतून हुकूम सोडत राहा मावशी. रस्ता बुजलाय, दुसरा पडेपर्यंत हाका मारायच्या."

मावशी हाका मारत राहिली. पण हाताला संवेदना धड नव्हती, त्यामुळे हलला की नाही हे तिला स्वतःला कळेना. मग ती विचारायची, "हलला का?"

"हलला की!" जाऊबाई म्हणायच्या.

"मघापेक्षा जास्त," नवरा दाराशी टेप गळ्यात घालून म्हणायचा.

रोज हलायचा म्हणे, आणि रोज तिथंच असायचा. एका दुपारी मावशीला शंका आली. तिनं डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, ओठ आवळले आणि हाताला काहीही सांगितलं नाही. नुसतं ढोंग.

"हलला का?"

"हलला, हलला! करंगळी!" जाऊबाईंनी टाळीच वाजवली.

"चांगलीच हलली," नवरा म्हणाला.

मावशीनं डोळे उघडले. "मी हलवलीच नव्हती."

नवरा टेपशी चाळा करत म्हणाला, "तुझा धीर सुटू नये म्हणून गं."

"धीर माझ्याकडे आहे," मावशी म्हणाली. "खरं सांगणारं माणूस नाही."

ती संतापली होती, पण रडली नाही. जेवताना अचानक म्हणाली, "अहो, उद्या कारखान्यात जा. मला एक बेडूक आणा."

नवऱ्याला वाटलं, हिच्या डोक्यावर परत परिणाम झाला. पण तो गेला. सुपरवायझरनं आस्थेनं चौकशी केली आणि नवाकोरा, चकचकीत डब्यातला बेडूक भेट दिला. मावशीनं तो हातापुढे ठेवला आणि दिवसभर हाका मारल्या. बेडूक बसून राहिला. डावा हात नेला की लगेच डोळे हिरवे. उजव्यासमोर मख्ख.

"झोपाळू निघाला वाटतं," जाऊबाई म्हणाल्या.

"झोपाळू नाही. मीच तपासून पास करते ना असले. याला चांगला ठसठशीत टाटा लागतो. माझ्या हाताचं आता कुजबुजणं आहे, ते याला ऐकू जात नाही." ती बोलता बोलता थांबली. "जाऊबाई, चपला घाला."

आजारपणानंतर पहिल्यांदाच ती घराबाहेर पडली, जाऊबाईंच्या दंडाला धरून, पाय ओढत. बसमध्ये चढताना मागच्यांनी घाई केली तेव्हा जाऊबाई अशा गरजल्या, की वाहकानंही घंटी वाजवायचा हात मागे घेतला.

"मला भित्र्यातला एक हवाय," मावशीनं सुपरवायझरला सांगितलं.

"मावशी, नापास माल बाहेर जात नाही. तुम्हीच तर आमच्या मागे लागायचात त्यासाठी."

"विकायला नको म्हणून लागायचे. मी विकत नाहीये, कामाला लावतेय."

"अहो, पण तो कोणाच्या उपयोगाचा?"

मावशीनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. सुपरवायझर त्या हाताकडे बघत राहिला. मग वर जाऊन परवानगी घेऊन आला. मावशीनं नापास पेटीशी बसून एकेक बेडूक पारखला आणि सगळ्यात घाबरट होता तो घेतला. परतीच्या बसमध्ये तो पिशवीतून सारखा पेटत होता, आणि समोरचं एक बाळ हसून हसून लोळत होतं.

आता घरात भलतीच पंचाईत झाली. पडदा हलला, बेडूक पेटला. नवऱ्यानं दारातून डोकावलं, पेटला. मग नवऱ्यानं पंखा बंद केला, खोक्याची एक बाजू कापून बेडकाला आत बसवलं, म्हणजे त्याला फक्त मावशीचा हात दिसेल. खरी अडचण जाऊबाईंची होती. त्यांना मावशीला एकटं सोडवेना आणि गप्प बसवेना. पाच मिनिटं झाली की त्या गॅसवर काही करपत असल्यासारख्या उठायच्या.

"जाऊबाई, हलू नका."

"नाही हललेय. नाक खाजवलं नुसतं."

"नाकही नको."

मावशी हाका मारायची, बेडूक काळोखात बसायचा. कितीतरी दिवस गेले. ती वैतागली की खोकं भिंतीकडे वळवायची, पाणी प्यायची आणि परत वळवायची. तिला एकच समाधान होतं. बेडूक नाही म्हणत होता, पण खरं तेच म्हणत होता.

मग एका सकाळी खोक्यात हिरवा उजेड पडला.

"तुम्ही हललात!" मावशी ओरडली.

"देवाशपथ नाही! श्वाससुद्धा धरलाय मी!"

"बाहेर जा. दुकानात जा. दार लावून घ्या."

जाऊबाई गेल्या. दाराला कान लावून उभ्या राहिल्या. आत बराच वेळ सामसूम होती. मग मावशीचा आवाज आला, अगदी बारीक. "पेटला." थोड्या वेळानं पुन्हा, "पेटला हो." नवऱ्यानं गिऱ्हाइकाचं माप तसंच सोडलं आणि बिचारं गिऱ्हाईक हात पसरून उभंच राहिलं.

व्यायामाच्या मुलीला दाखवायला मावशी उतावीळ झाली होती. मुलीनं दोन-तीनदा बघितलं आणि तिचा चेहरा काही खुलला नाही.

"मावशी, बेडूक पेटतोय ते खरं. पण मनगट हलत नाहीये. तुम्ही खांद्यातून सगळा हात ओढताय. त्याला हललेलं तेवढं दिसतं, कुठून हललं ते नाही दिसत. ही सवय लागली तर मनगट कायमचं आळशी होईल."

त्या संध्याकाळी मावशीनं खोकं भिंतीकडे वळवलं ते परत वळवलंच नाही. पण मुलगी खोटं बोलत नव्हती, आणि खोटं न बोलणाऱ्यावर तिला फार वेळ रागावता येत नसे. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं, "माझा दंड खुर्चीला बांधा." त्यानं अस्तराच्या मऊ कापडाचा पट्टा शिवला, मुलीनं तो नीट कसा बांधायचा ते दाखवलं, आणि बेडूक पुन्हा काळोखात गेला. या वेळी पहिल्यापेक्षा जास्त दिवस.

पण पेटला. मनगटावर पेटला. मग खोकं वीतभर मागे सरकलं, मग हातभर. शेवटी त्या मख्ख नव्याकोऱ्या बेडकानंही एक दिवस डोळे उघडले, आणि मावशी त्याला म्हणाली, "या, उठलात का?"

हात जसजसा येत गेला, तसतशा जाऊबाई चिडचिड करायला लागल्या. मावशी पेला धरायला गेली की हिसकावून घ्यायच्या. एकदा मावशी ब्लाउजचं बटण लावत होती, घामाघूम होऊन, आणि जाऊबाईंनी पुढे होऊन लावून टाकलं.

"अहो, लागत आलं होतं माझं!"

"एका बटणाला अर्धा तास? मी काय मेलेय?" जाऊबाई म्हणाल्या आणि एकदम बसल्या. "हात आला की तू कामावर जाशील. भावजी मशिनवर. मी काय करू? भिंतींना भरवू?"

एवढे दिवस मावशीला वाटत होतं, अडकून पडलीय ती आपणच. तिनं बटण सोडवलं, परत लावलं, आणि मग म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी गप्प बसायला शिकलात. ते माझ्या मनगटापेक्षा अवघड होतं."

जाऊबाई डोळे पुसता पुसता हसल्या.

पुढच्या वेळी ती मुलगी आली तेव्हा मावशीनं सरळ जाऊबाईंचा विषय काढला. तुमच्या केंद्रात माणूस लागतं का? रुग्णांजवळ बसणारं, बसमधून आणणारं-नेणारं, कोणी धक्का दिला तर भांडणारं? मुलगी म्हणाली, लागतं, आणि पगारही आहे, पण खोटं कौतुक करायचं नाही. "त्याचं शिक्षण झालंय त्यांचं," मावशी म्हणाली. सुपरवायझरनं भित्र्या बेडकांची एक पेटी केंद्राला द्यायची रीतसर परवानगी मिळवून दिली.

मावशी कारखान्यात परतली तेव्हा त्यानं तिला पॅकिंगला बसायला सांगितलं, हलकं काम म्हणून. ती म्हणाली, "माझ्या टेबलाशी बसवून बघा. नाही जमलं तर मीच उठेन." आता ती टाटा डाव्या हातानं करते आणि खेळणं पेटीत ढकलायचं काम उजव्याकडे आहे. सुरुवातीला रांग तुंबायची, सोल्डरिंगवाली गुपचूप आपला वेग कमी करायची, आणि मावशीनं ते ओळखून तिला झापलं. आता तुंबत नाही. सुईत दोरा अजून ओवता येत नाही, थंडीत बोटं आखडतात, पण सही स्वतःची स्वतः करते.

सकाळी दोघी जावा बरोबरच कामावर निघतात. जाऊबाई पुढे, मावशी पाय थोडा ओढत मागे, आणि स्टॉपवर पोचेपर्यंत दोघींचं कशावरून तरी वाजलेलं असतं. नवरा दुकानाच्या दारातून ओरडतो, "आणि माझा चहा कोण करणार?"

"तुम्हाला दोन हात आहेत!" दोघी एका सुरात म्हणतात, आणि बस पकडायला निघतात.