सोवळ्यातला ब्राउझर

गुणवंत देऊळगावकर नेमकं काय काम करतो, हे दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या सोसायटीत कुणालाच धड सांगता येत नसे. कलेक्टर व्हायला तो बुलढाण्याहून दिल्लीत आला आणि परीक्षा संपल्या तरी राहिला. आता नोएडात एका कंपनीत होता. लोकांनी इंटरनेटवर काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाची साइट सगळ्यात वर यावी, यासाठी खटपट करायची, ही त्याची नोकरी. "पूर्वी लोक यासाठी अभिषेक करायचे," असं मी त्याला म्हणालो. तो हसला नाही. त्या धंद्यात हसायला वेळ नसावा.

२०११च्या उन्हाळ्यात त्यानं घरच्या लॅपटॉपवर कामापुरता वेगळा ब्राउझर बसवला. कारण असं, की सर्चला माणसाच्या सवयी कळतात. जी साइट तुम्ही रोज उघडता, तीच तो तुमचं मन राखायला वर दाखवतो. खरं पाहायचं तर ब्राउझर कोरा हवा. त्यात मेल नको, रेल्वेचं तिकीट नको, मुलीचा होमवर्क नको.

"हा सोवळ्यात आहे," त्यानं घरात जाहीर केलं.

"पप्पा, सोवळं मतलब?" दिल्लीतच वाढलेल्या त्याच्या मुलीनं, अक्षयानं विचारलं.

"मतलब तू हात मत लगाना."

सगळी मदार होती पानिपतच्या नरसिंहजींवर. त्यांचा कंबलांचा कारखाना. दिवाळीपर्यंत पहिला नंबर आला नाही तर नरसिंहजी कंपनी सोडणार होते आणि कंपनी गुणवंतला सोडणार होती. गुणवंत तेव्हा चाळिशीला टेकलेला. त्याची बायको अलकनंदा माझ्याच मंत्रालयात कामाला. माहेरी कुणी "जावई काय करतात?" विचारलं की ती चहा टाकायला उठायची.

नवरात्रात चमत्कार झाला. सोवळ्यातल्या ब्राउझरमध्ये नरसिंहजी पहिले आले. अलकनंदानं ऑफिसात पेढे वाटले. "आमच्या यांचा पहिला नंबर आला," असं ती शिपायापासून सचिवापर्यंत सांगत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

दोन दिवसांनी गुणवंत माझ्याकडे आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

"दिनकरराव, आज मी लवकर उठलो. पाहतो तर ही पूजा आटोपून लॅपटॉपपुढे बसलेली. 'पानिपत कंबल' शोधते, पानांमागून पानं उलटते, आमची साइट सापडली की आत जाऊन एकूण एक कंबल बघते. दीड महिना हा नेम चाललाय."

"तिला बोललास?"

"काय बोलणार? ती म्हणाली, 'अहो, पारोशानं कधी हात लावला नाही हं, अंघोळ करूनच उघडते. तुमची साइट कुणी बघत नाही, म्हटलं आपण तरी बघावी.' ऑफिसच्या कंप्यूटरवर पाहिलं, तर सातव्या पानावर आहोत."

तिनं सोवळं इतकं काटेकोर पाळलं होतं, की ब्राउझर तिचा भक्त झाला होता.

गुणवंतनं खरं सांगायचं ठरवलं. मराठी माणसानं पानिपतला जाताना मागचा अनुभव लक्षात ठेवावा, म्हणून मीच गाडी काढली. नरसिंहजींसमोर त्यानं दोन्ही चित्रं ठेवली. घरच्या लॅपटॉपवर पहिला नंबर, त्यांच्या गल्ल्यावरच्या कंप्यूटरवर सातवं पान. बायकोच्या नेमाची गोष्टही सांगितली.

नरसिंहजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आपला कंप्यूटर त्याच्याकडे वळवला.

"तो भाभीजी वाला इसमें भी लगा दो."

"सेठजी, लेकिन दुनिया को तो…"

"दुनिया मेरी दुकान में थोड़े ही बैठती है, यार. समधी आता है, बिरादरी आती है, सब इसी पे देखते हैं. यहाँ एक नंबर आना चाहिए, बस."

गुणवंतनं तो ब्राउझर बसवला आणि रोज सकाळी पूजेनंतर काय काय उघडायचं ते समजावून दिलं. नरसिंहजींनी मन लावून ऐकलं, करार वर्षभरासाठी वाढवला आणि आम्हा दोघांना एकेक कंबल दिलं. मला संताप आला. आमच्या मंत्रालयातले अहवाल असेच तयार होतात, तेव्हा खरं तर येऊ नये. तरी आला.

परतीच्या वाटेवर गुणवंत म्हणाला, "नोकरी वाचली. बरं वाटायला हवं ना? नाही वाटत."

घरी पोचलो तर अलकनंदा दारातच उभी.

"खूश झाले का हो सेठजी?"

"एकदम खूश."

तिचा जीव भांड्यात पडला. "चला, झालं बाई काम. मग आता उद्यापासून नाही उघडलं तरी चालेल ना?"

गुणवंत वाकून बुटांच्या नाड्या सोडत राहिला.

"नको," तो म्हणाला. "तू उघडत जा."