मालवण नावाचं मशीन

भुताखेतांच्या गोष्टी वाचून पान उलटणारा माणूस मी. पंचवीस वर्षं सर्व्हर लावतोय, मशीनच्या नोंदी, म्हणजे लॉग, सोडून कशावर विश्वास ठेवला नाही. म्हणूनच हे लिहिताना जरा लाज वाटतेय...

मुलुंड पश्चिमेला एक डायग्नोस्टिक सेंटर आहे. तिथला जुना फाइल सर्व्हर अकरा वर्षं सावंतांनी सांभाळला. उंदरांसाठी मागे डांबरगोळ्या ठेवायचे, मशीनला नाव आपल्या गावाचं दिलेलं – मालवण. दिवाळीआधी सावंत वारले, आणि काम माझ्याकडे आलं.

दोन नवे सर्व्हर आणि दोघांना मिळून एकच डिस्क-बॉक्स, असं करायचं होतं. एक बंद पडला तर दुसऱ्याने तीच डिस्क घ्यायची. पेशंटचे सगळे स्कॅन शनिवारी बॉक्सवर आले. जुन्या डिस्क मरायलाच टेकल्या होत्या, कॉपी संपता संपता गेल्याच. म्हणजे आता एकुलती एक प्रत.

रविवारी दुपारी दुसरा सर्व्हर जोडत होतो. बाबा तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये, माझी झोप उडालेली. समोर दिसणारी डिस्क याच मशीनची, रिकामी, असं समजून मी ती फॉरमॅट करायची कमांड दिली.

नकार आला. डिस्क दुसऱ्या मशीनच्या ताब्यात आहे, म्हणे.

तेव्हा नीट बघितलं. ती बॉक्सवरची डिस्क होती – सगळ्या स्कॅनची. पण अडवलं कोणी? ताबा घ्यायचं सेटिंग तर मी अजून केलंच नव्हतं. डिस्क कोणाच्या ताब्यात आहे, ती बॉक्समधली यादी उघडली. तिथे नाव होतं – मालवण.

"काय झालं रे? असा काय बसलायस?" सेंटर सांभाळणाऱ्या नीलिमाने विचारलं.

"सावंतांचं मशीन बंद आहे ना गं?"

"तूच नाही का सकाळी उचलून खिडकीशी ठेवलंस?"

मी जाऊन पाहिलं. झाकण उघडं, डिस्क काढलेल्या, केबल गुंडाळून वर ठेवलेली.

नीलिमाने स्क्रीन वाचली. "हे नाव तू टाकलंस?"

"नाही गं. शपथ."

ती तिथेच स्टुलावर बसली. मी यादी पुन्हा उघडली, तर नाव गेलं होतं. नकाराची नोंद तेवढी राहिली, वेळेसकट.

ती बॉक्सच्या कंपनीला पाठवली. "जुनी नोंद राहिली असेल," ते म्हणाले. पण बॉक्स कोरा होता हो, सील मीच फोडलं, नीलिमासमोर. नावं मीच टाइप केली होती, नव्या सर्व्हरची, दोनच.

सोमवारी एक आजोबा आले. ऑपरेशनआधी डॉक्टरांना त्यांचा जुना स्कॅन हवा होता. नीलिमाने नाव टाकलं, लगेच उघडला. आजोबा म्हणाले, "बरं झालं बाई, जपून ठेवलात." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

माझ्याकडे अजून उत्तर नाही. खरं सांगू? शोधायचं त्राणही नाही. सावंतांना मी कधी भेटलो नव्हतो, फोनवरही बोललो नव्हतो. आभार मानायचे तर कोणाचे, एवढंच कळत नाही.