पडापडी सर

सरांच्या इंग्रजीच्या वर्गात बाकांपेक्षा गाद्यांना मान जास्त. शब्द अंगातून गेल्याशिवाय तोंडात येत नाही, हा त्यांचा हट्ट. खोलीत पाऊल टाकलं की सर मराठीचा एक शब्दही काढत नसत. 'फॉल डाउन' म्हणजे उभ्याउभ्या कोसळणं, 'फॉल ओव्हर' म्हणजे अडखळून आडवं होणं, 'फॉल ऑफ' म्हणजे बसल्या जागेवरून खाली येणं. तिन्ही प्रकार सर पोट सावरत स्वतः करून दाखवत, मग अख्खा वर्ग धडाधड पडे. खालच्या मजल्यावरचा शिंपी कपाळाला हात लावी. 'पडापडी सर' हे नाव त्यानेच ठेवलं.

खोली सरांच्या थोरल्या बहिणीची. एक दिवस ताईने निर्वाणीचं सांगितलं, "माझ्या पोरीला तुझ्या इंग्रजीवर नर्सची नोकरी लागली तर वर्ग चालव. नाहीतर गाद्या उचल, खोली मी शिंप्याला देते."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. वर्ग गेला तर उरणार काय त्यांच्याकडे?

मुलाखत लॅपटॉपवर होती, त्याच खोलीत. सर आणि ताई बाहेर, बंद दाराला कान लावून उभे. भाची छान बोलत होती आणि अचानक धाडकन आवाज आला. पोरगी करून दाखवतेय! सरांना राहवलं नाही.

"शाब्बास! हे फॉल ऑफ झालं! आता फॉल ओव्हर!"

"मामा, पाय गेला माझा!"

"इन इंग्लिश!" सर सवयीने गरजले.

ताईने त्यांना ढकलून दार उघडलं. स्टूल मोडलं होतं आणि भाची घोटा धरून जमिनीवर बसली होती. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण पोरगी खमकी. तिने लॅपटॉप खाली ओढला, रुमालाने घोटा बांधला, पाय गादीच्या गुंडाळीवर ठेवला आणि काय करतेय, का करतेय, ते पडद्यावरच्या बाईंना इंग्रजीत सांगत गेली. बाई म्हणाल्या, बाकीचे प्रश्न राहू द्या, सूज उतरली की कामावर या.

"चालव तुझा वर्ग," ताई फणकारली आणि बर्फ आणायला गेली.

सर भाचीजवळ बसले.

"मी खरंच ओरडत होते रे, मामा."

"चुकलंच माझं. फार दुखतंय का गं?"

त्या खोलीत सर पहिल्यांदाच मराठीत बोलले होते.