हाकेवरची उडी

शिंपीमामांचे दोन्ही कान गेले होते आणि हे फक्त मामींना ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! गिऱ्हाईक बोलायला लागलं की मामा त्याच्या ओठांकडे बघत. नाही कळलं तर तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवत. मशीन नीट चाललंय का, ते त्यांचे तळपाय सांगत.

शिवणकाम काय, पोटासाठी. जीव होता तो तलवारींच्या नाचात. वडिलांकडून आलेला नाच, आता एकटे मामाच चालवत होते. त्यातला शेवटचा फेरा सगळ्यात जोखमीचा. मधोमध डोळ्यांवर पट्टी बांधलेली पोर, भोवती गुडघ्यांवर चौघेजण. ढोलाचा दुहेरी ठोका पडला की चौघे घोट्याच्या उंचीवर पाती फिरवणार आणि त्याच क्षणी पोर उडी घेणार. ढोलवाला लोकांना खेळवायला खोटे ठोकेही मारी. चौघांना त्याचे हात दिसत, पोरीला नाही; खऱ्या ठोक्यातला किंचित जास्तीचा जोर मुरलेल्या माणसालाच कळे. म्हणून तिने ढोलावर विसंबायचं नाही, उडायचं ते मामांच्या हाकेवर. पात्यांची धार घालवायची नाही, हाक देणाऱ्याने ढोलाकडे पाठ करायची, हेही वडिलांचेच नियम. काय म्हणावं अशा वडिलांना!

तालमीच्या खोलीत जमीन फळ्यांची. अनवाणी उभं राहिलं की ठोका टाचेतून वर चढे. दोन वर्षं मामांनी पायांवरच निभावली. यंदा मधली पोर म्हणजे त्यांची स्वतःची नात, चौदा वर्षांची.

प्रयोग नव्या सभागृहात ठरला. दुपारी मामांनी चपला काढून रंगमंचावर पाऊल टेकवलं आणि मनात पाल चुकचुकली. खाली सिमेंट, वर जाड गालिचा. ढोलवाला हात मोकळे करत होता, मामांच्या पायांना मात्र काहीच लागत नव्हतं.

मामींनी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं. बाजूला ओढून, समोर उभं राहून म्हणाल्या, "निदान ढोलाकडे तोंड करा. नाहीतर शेवटचा फेरा गाळा."

"बाबांनी कधी तोंड फिरवलं नव्हतं," मामा म्हणाले. "आणि एकदा कळलं ना, की माझ्याकडून हा नाच गेलाच म्हणून समज. मी मोजून काढतो."

मोजून! असला हट्टी माणूस दुसरा सापडायचा नाही. मामींना रडू आलं, पण चारचौघांत नवऱ्याचं गुपित उघडं पाडायला जीभ रेटेना. त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

सभागृह खचाखच भरलं होतं. गर्दी बघून ढोलवाला रंगात आला. तालमीत रोज तीन खोटे ठोके मारून चौथा खरा द्यायचा, आज त्याने तिसराच खरा दिला. मामा मनातल्या मनात चौथ्याची वाट बघत होते. त्यांना दिसली ती फक्त पाती फिरलेली. मग त्यांनी हाक दिली.

दवाखान्यात डॉक्टर नातीच्या घोट्याला टाके घालत होते. शीर तुटलीय, पोर चालू शकेल, पण नाचायचं आता विसरा, असं त्यांनी मामींना सांगितलं होतं. जन्मभर टाके घातलेल्या मामांना ते टाके बघवेनात. ते मान खाली घालून उशाशी उभे होते.

"आजोबा," नात म्हणाली, "ठोका खरा वाटला होता मला. पण तुमची हाक आली नव्हती ना, म्हणून नाही उडले."

तिचे ओठ हललेले निसटते दिसले, तसा मामांनी चेहरा वर केला. "काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल, बाळा."

ती मोठ्यानेच बोलली होती. तिने मामींकडे पाहिलं. मामींनी मान फिरवली. मग नातीने आजोबांचा हात धरून त्यांना समोर वळवलं आणि ओठ सावकाश हलवत तेच पुन्हा सांगितलं.